केदारखेड्याची दुभाषी

मी चीनला गेले ती एका मशीनमुळे.

जालन्याच्या एमआयडीसीत मी एका रोलिंग मिलच्या खरेदी विभागात होते. मालकांनी सळया सरळ करायचं एक यंत्र चीनहून मागवलं. यंत्राबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं, सगळं चिनीत. मोबाईलने फोटो काढून भाषांतर केलं तर पहिल्याच पानावर निघालं: "रोलर गरम असताना आजीला हात लावू नये." मिलमध्ये कुणाचीच आजी कामाला नव्हती, म्हणून सगळे निर्धास्त राहिले. तिसऱ्या दिवशी यंत्र अडकून बसलं. मालक वैतागून म्हणाले, "कोणीतरी शिकून घ्या रे ही भाषा. बिलकुल काही कळून न्हाई राह्यलं." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तेवढी समोर बघत होते.

त्यातून मी अर्ज केला, शिष्यवृत्ती मिळाली आणि वर्षभरासाठी चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या श्यामन नावाच्या शहरात भाषा शिकायला निघाले. आमच्या गावात, केदारखेड्यात, बातमी पसरली की मास्तरांची पोरगी सळया सरळ करायला चीनला चालली.

मास्तर म्हणजे माझे पप्पा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण गावातलं कोणीही चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ लिहून त्यांच्यासमोरून जाऊ शकत नाही. आमचं घर बौद्ध. छप्पन साली आजोबा अठरा वर्षांचे होते, तेव्हापासून. त्यामुळे माझं जाणं पप्पांच्या लेखी नोकरीचा भाग नव्हताच. जालना स्टेशनवर बॅग हातात देताना ते म्हणाले, "आपला बुद्ध इथून तिकडं गेला. तू बघून ये, त्यांनी नीट ठेवलाय का. आणि तिथं कुठल्या मूर्तीपुढं हात पसरून काही मागू नकोस."

श्यामन

पहिल्याच दिवशी वर्गाच्या बाईंनी प्रत्येकाला चिनी नाव दिलं. माझं नाव प्रज्ञा, हे कळल्यावर त्या खुर्चीतून उठल्याच. हा शब्द तर आमच्याकडे दीड हजार वर्षांपूर्वीच आलाय, म्हणाल्या, आमचे भिक्खू रोज म्हणतात. आणि फळ्यावर दोन अक्षरं काढून त्यांनी त्याचा चिनी उच्चार केला: "पोरऽ."

मी पुन्हा विचारलं. "पोरऽ," त्या म्हणाल्या.

म्हणजे चोवीस वर्षांची होऊन, पासपोर्ट काढून, दोन विमानं बदलून मी चीनमध्ये पोचले, आणि तिथेही मी पोरच.

विद्यापीठामागे डोंगराच्या पोटात एक मोठं बुद्धमंदिर होतं. पहिल्या रविवारी मी पांढरी साडी नेसून गेले. दारातच ढेरी सोडून, दात काढून हसणारा एक गलेलठ्ठ माणूस सिंहासनावर बसलेला. मी पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं.

"हे कोण?"

"हाही बुद्धच, म्हणतात."

"आपला एवढा जाड नव्हता."

आत परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींची ही गर्दी. हातात उदबत्त्यांचे जुडगे, खिशात हॉल तिकीट. ते मूर्तीला दाखवत होते, म्हणजे नंबर चुकायला नको. मी पप्पांना म्हटलं, "ठेवलाय नीट. पण मार्कं वाटायच्या कामाला लावलाय." त्यांनी ती गर्दी पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाले, "तू अभ्यास कर."

मी अभ्यास केला. दुसरं करण्यासारखं फार नव्हतं, कारण जेवणाशी माझं जमेपर्यंत थंडी आली. समुद्रकाठचं गाव, जे हलतं ते खातात. एकदा थरथरणारी पारदर्शक वडी पुढे आली. खोबऱ्याच्या पाण्याची असेल म्हणून मी घास घेतला आणि मग आत नीट निरखून बघितलं. आत किडे होते. रांगेने, शिस्तीत. वाढणारी बाई कौतुकाने म्हणाली, ही इथली खासियत. मी आईने दिलेल्या ठेच्याची बाटली काढली आणि उरलेली वडी संपवली. ठेचा लावल्यावर जगात सगळं एकाच चवीचं होतं.

खोलीत माझ्यासोबत युलिया होती. इंडोनेशियातल्या सेमारांग शहराची, माझ्याच वयाची, दिसायला अस्सल चिनी. तिचे आजोबा तरुणपणी याच भागातून बोटीने तिकडे गेले होते. पुढे तिकडे असा काळ आला की चिनी शाळा बंद झाल्या, नावंसुद्धा बदलावी लागली. आजोबांच्या 'तान' या आडनावाला शेपूट जोडून घरच्यांनी 'तानुविजाया' केलं. तिच्या वडिलांना चिनीचं अक्षर येत नाही आणि युलियाची गाडी माझ्याही मागे. आम्ही दोघी बाजारात गेलो की भाजीवाली तिच्याशी धडाधड बोलायची. ती माझ्याकडे बघायची. मग मी उत्तर द्यायचे. भाजीवालीला वाटायचं, विजेचा खांब बोलला.

आमचं आपसात इंग्रजी चालायचं. दोघींचं सारखंच मोडकं, त्यामुळे भांडण कधी रंगलं नाही. तिच्या घरच्या माणसांबद्दल विचारताना मात्र मला इंग्रजीचा राग यायचा. तिची 'आंटी' म्हणजे आत्या, मावशी, काकू की मामी, हे कळायला एक परिच्छेद लागायचा. चिनीत या चारही बायकांना चार वेगळे शब्द आहेत, अगदी आपल्यासारखे. मला ही भाषा खऱ्या अर्थाने आवडली ती त्या दिवशी.

मार्चमध्ये युलियाने कपाटातून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. आजोबांचं. वर त्यांच्या गावाचा पत्ता. बाईंनी चार-दोन फोन करून ते गाव शोधलं: आन्शी भागात, डोंगरातल्या चहामळ्यांत, सगळं गाव एकाच आडनावाचं. प्रमाण चिनीत 'छन' आणि तिथल्या बोलीत 'तान'. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगचा सण असतो, पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायचा. तेव्हा बाहेरगावचे सगळे घरी येतात. तेव्हाच जा, असं बाईंनी सांगितलं.

"तू चल," युलिया म्हणाली. "मला त्यांचं काही कळणार नाही."

"तुला तिथं काय हवंय?"

तिने थोडा विचार केला. "आमच्याकडे लोक मला चिनी म्हणतात. इथे मला परदेशी म्हणतात. आजोबा इथले होते, एवढं कुठेतरी लिहिलेलं मला बघायचंय. मग कोणी काहीही म्हणो."

आन्शी

बस डोंगर चढायला लागली तशी मी खिडकीला नाक लावून बसले. आमच्याकडे कापसाच्या सऱ्या पाहिल्या की त्या आडव्या पडलेल्या असतात, नजर जाईल तिथपर्यंत. इथे चहाच्या सऱ्या उभ्या डोंगरावर गोल गोल चढत गेलेल्या. एवढ्या तिरप्या रानात पेरणारा माणूस एकतर फार कष्टाळू असतो, नाहीतर त्याला सपाट रान कोणी दिलेलं नसतं. दुसरी शक्यता मला जास्त ओळखीची वाटली.

गावात आम्हाला भेटायचं होतं ते 'तिसरे आजोबा' यांना. त्यांच्या पिढीतल्या भावांत तिसरे, म्हणून अख्खं गाव त्यांना असंच म्हणायचं. वय ऐंशी, अंगात निळं जाकीट, आणि कमरेला पूर्वजांच्या दालनाची किल्ली. शेजारी त्यांची सून, प्राथमिक शाळेतली शिक्षिका. दोघांनीही युलियाचे हात धरले. मी मागे पिशव्या घेऊन उभी.

मी सबंध आठवडा एक वाक्य पाठ केलं होतं: आम्ही तुमचे पूर्वज पाहायला आलो आहोत. पुढे होऊन मी ते ठासून म्हटलं. तिसरे आजोबा जरा चमकले. मग मान डोलावून आम्हाला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. आम्ही गंभीर चेहरे करून मागोमाग. तिथे एक बुटकी भिंत होती आणि भिंतीपलीकडे तीन डुकरं होती.

तिसरे आजोबा बाजूला झाले, म्हणजे आम्हाला नीट दिसावं.

युलियाने हात जोडले. ती मला हळूच म्हणाली, "हा विधीचा भाग आहे का?"

तेवढ्यात सून भिंतीला धरून हसायला लागली. त्या भागात दोन्हींना 'त्सू' हा एकच आवाज. खाली जाऊन वर आला तर पूर्वज आणि वरच्या पट्टीत सपाट राहिला तर डुक्कर. मी सपाट ठेवला होता. सुनेने सासऱ्यांना समजावलं. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त मला आपादमस्तक पाहिलं आणि कमरेची किल्ली काढली.

दालनात देव नव्हता. होत्या त्या नावांच्या लाकडी पाट्या, शाळेतल्या वर्गफोटोसारख्या रांगेत, सगळ्यांत वर सगळ्यांत म्हातारे. आम्हाला चहा मिळाला, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढ्या कपात. एक संपला की दुसरा. आमच्याकडे पाहुणा 'बास' म्हणतो तेव्हा थांबतात; इथे तो पळून जातो तेव्हा थांबत असावेत.

मग दुसरीच अडचण निघाली. तिसरे आजोबा बोलायला लागले आणि मला अक्षरही कळेना. सात महिने घोटली ती चिनी शाळेतली, ही डोंगरातली. पुण्याच्या माणसाला भोकरदनच्या बाजारात उभं करून "काल्ला आल्ता का? मंग आता काय करून राह्यला?" असं विचारल्यावर त्याचा जो चेहरा होतो, तो माझा झाला. शेवटी साखळी लागली: ते सुनेला त्यांच्या बोलीत सांगणार, सून मला चिनीत, मी युलियाला इंग्रजीत. एक वाक्य पोचेपर्यंत दोन कप चहा.

त्यांनी कापडात गुंडाळलेली कुळाची वही उघडली. उभ्या ओळींत नावं, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, पंचवीस पिढ्या. त्यांचं बोट एका नावावर थांबलं. युलियाच्या आजोबांचं. तिने पाकिटावरची अक्षरं शेजारी धरून ताडून पाहिली आणि तिचे डोळे भरले.

नावाखाली बारीक अक्षरांत होतं: दक्षिण समुद्राकडे गेला. आणि त्याच्याखाली एकच सुटं अक्षर.

ते मला येत होतं. आमच्या हॉस्टेलच्या बाथरूममध्ये भिंतीवर 'कपडे धुण्यास मनाई' असं लिहिलंय, त्यातलंच. अर्थ: थांबा. सून आवाज उतरवून म्हणाली, "त्यांचं पत्र येणं बंद झालं. खूप वर्षं वाट पाहिली. ज्यांचा वंश पुढे नाही, त्यांच्याखाली हे अक्षर लिहितात."

"काय म्हणाली?" युलियाने विचारलं.

"दक्षिणेकडे गेला, असं लिहिलंय."

"आणि खाली?"

"खाली पान नंबर आहे."

युलियाने वाकून बघितलं. सात महिने तीही त्याच बाथरूममध्ये जात होती. "हा पान नंबर नाही," ती म्हणाली. "हे आपल्या बाथरूममधलं आहे."

मग मला सांगावं लागलं. ती ऐकत राहिली. कान लाल झाले. तिने त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता, थेट म्हाताऱ्यांकडे बघून मोडक्या चिनीत म्हणाली, "थांबला नाही. मी आहे."

तिसऱ्या आजोबांनी विचारलं, वडिलांना मुलगा आहे का? मी एकटीच, असं तिने सांगितलं. त्यांनी वही मिटली, पण हात वरून काढला नाही. या वहीत मुली लिहायची पद्धत नाही, ते म्हणाले. दुसऱ्या गावांत आता लिहितात म्हणे. पण एका माणसाने ठरवायची ही गोष्ट नव्हे. उद्या सगळी घरं थडग्यांवर जमतील, तेव्हा विचारू.

 मग विषय बदलायला म्हणून त्यांनी माझ्याकडे हनुवटी वळवली. "आणि हिच्याकडे किती पिढ्या लिहिल्यात?"

हा प्रश्न मला येणार हे मला कळायला हवं होतं. मी बोटं मोजली. पप्पा, आजोबा, पणजोबा. तीन.

"तीनशे वर्षं?"

"तीन माणसं."

सुनेला वाटलं माझी चिनी पुन्हा घसरली. मग मी सावकाश सांगितलं. आमच्या गावात नोंदी ठेवणारे लोक होते, पण ते आमच्या लोकांच्या ठेवत नव्हते. आमच्या वाट्याला गावाची कामं होती. गावात जनावर मेलं की आमचे पणजोबा, त्यांना सगळे आबा म्हणायचे, ते ओढून न्यायचे. मग आजोबांनी बौद्ध धर्म घेतला आणि आबांनी ठरवलं, आता हे काम करायचं नाही. घरातले देव त्यांनी टोपल्यात भरले आणि नदीत सोडले. ही गोष्ट पप्पा प्रत्येक कार्यक्रमात माईकवर सांगतात आणि मला तोंडपाठ आहे, पण चिनीत सांगताना तिला वेळ लागला. शेवटी मी त्या मिटलेल्या वहीकडे बोट करून म्हटलं, "तुमच्यात ते अक्षर दुसऱ्याने लिहिलं. आमच्या घरात ते आम्हीच लिहिलं. इथे थांबा म्हणून."

सुनेने सगळं सासऱ्यांना सांगितलं.  मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो सुनेकडून फिरून माझ्यापर्यंत आला.

"मग तुम्ही त्यांना जेवायला काय देता?"

"कोणाला?"

"पूर्वजांना."

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा खरंच पडला.

थडग्यांवर

सकाळी सगळं गाव विळे, झाडू आणि लाल रंगाचे डबे घेऊन डोंगरावर निघालं. थडगी चहाच्या सऱ्यांतच होती, गवतात बुडालेली. शहरातून आलेली तान मंडळी पांढरे बूट घालून गवताकडे बघत उभी राहिली. मी दुपट्टा कमरेला खोचला, एकीच्या हातातला विळा घेतला आणि उकिडवी बसले. केदारखेड्यात वाढलेल्या मुलीला खुरपणी शिकवावी लागत नाही. अर्ध्या तासात दोन थडगी मोकळी करून मी तिसऱ्यावर होते, आणि माझ्यामागे चार बायका कमरेवर हात ठेवून चर्चा करत होत्या. सून म्हणाली, "विचारतायत, हिचं लग्न झालंय का?" सगळीकडे सारखंच.

मग अक्षरांत लाल रंग भरला, थडग्यांवर दगडाखाली कागद ठेवले, फटाके लावले. त्यातल्या एका फटाक्याने माझ्या दुपट्ट्याचं एक टोक पूर्वजांकडे रवाना केलं. जेवायला पातळ पोळी. तिच्यात गाजर, मोड आलेल्या मटकीची लांबलचक बहीण, कालवं, आणि वर शेंगदाण्याचा कूट. कूट! मी तीन खाल्ल्या. तिसऱ्या आजोबांनी थडग्यापुढे छोट्या कपांत दारू ओतली. कशाची, असं विचारलं तर कळलं, ज्वारीची. आपण जिची भाकरी करतो तिचा असाही उपयोग आहे हे मी जालना जिल्ह्याला सांगावं की नाही, हे अजून ठरवलेलं नाही. रांगेच्या टोकाला त्यांनी एक कप वेगळा ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. सून म्हणाली, "तुमच्या आबांसाठी. इतकी वर्षं उपाशी आहेत म्हणून." मी पप्पांना हे कळवलं नाही. पप्पा व्यसनमुक्तीवरही भाषण देतात.

युलिया एका कोपऱ्यात उभी होती. चार घरांच्या प्रमुखांशी तिसऱ्या आजोबांचं बोलणं चाललं होतं आणि त्यांच्या माना कुठल्या दिशेने हलतायत हे ती बघत होती. आडव्या हलत होत्या.

तेवढ्यात तीनचाकी गाडीतून दोघांनी एका म्हातारीला उतरवलं. शहाऐंशी वर्षांची, बोळकं तोंड, डोक्याला लोकरीची टोपी. युलियाच्या आजोबांची धाकटी बहीण. शेजारच्या गावी दिलेली. नात आलीय हे कळल्यावर हट्ट करून आली होती. लोक बाजूला झाले. ती युलियासमोर येऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. सुनेने चिनी केलं, मी इंग्रजीसाठी तोंड उघडलं, पण युलियाने मला हाताने थांबवलं. म्हातारीकडे बघत ती हळूच म्हणाली:

"च्या पा ब्वे?"

जेवलीस का? आजोबा तिला रोज हे विचारायचे. तिच्याकडे तेवढीच बोली उरली होती.

म्हातारीने दोन्ही हातांनी युलियाचे कान धरले. ओढून, उलटसुलट करून बघितले. "त्याचेच कान," ती म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडताच तिने विचारलं, इथे काय चाललंय. कोणीतरी सांगितलं. रडणं तिथल्या तिथे थांबलं.

पुढचं सुनेने मला कानात सांगितलं, शब्द न शब्द. म्हातारी तिसऱ्या आजोबांना म्हणाली, "तो मला पाठीवर घेऊन हा डोंगर चढायचा. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. तो गेल्यावर आईला मी सांभाळली. तुझ्या वहीत मी कुठे आहे, दाखव."

तिसरे आजोबा म्हणाले, "आक्का, मुली..."

"मी विचारतेय, कुठे आहे?"

 चार घरांचे प्रमुख आपापले बूट बघायला लागले.

"मग दोघींना लिही," म्हातारी म्हणाली. "मी मरायच्या आधी लिही. मला वाचता येत नाही, पण जागा दाखव."

कोणी हो म्हणालं नाही. कोणी नाहीही म्हणालं नाही. तिसरे आजोबा डोंगर उतरले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे दालनात. त्यांनी वही उघडली, ब्रश भिजवला आणि त्या सुट्या अक्षरावर थांबले. वहीत खाडाखोड करता येत नाही.  त्यांनी त्या अक्षराच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढली, आपण शब्द लिहून झाला की ओढतो तशी. बस, एवढंच. 'थांबा'वर रेघ आली की चिनीत दुसरंच अक्षर होतं. त्याचा अर्थ: बरोबर.

त्याच्या शेजारी त्यांनी बहिणीचं नाव लिहिलं, खाली युलियाच्या वडिलांचं, आणि त्याखाली युलियाचं. तिला चिनी नाव वर्गापुरतंच होतं, ते म्हातारीला पसंत पडलं नाही. तिने तिथल्या तिथे दुसरं ठेवलं. मग म्हातारीचं बोट धरून सुनेने तिला तिची जागा दाखवली. म्हातारीने शाई ओली असतानाच बोट टेकवलं. तिच्या नावाचं पहिलं अक्षर आजही जरा फरफटलेलं आहे.

राजूर

जुलैत परत आले. यंत्राचं पुस्तक वाचलं. ती 'आजी' नव्हती, गरम रोलरवरची गार्ड, म्हणजे जाळी होती. मालक म्हणाले, बराबर, आम्हालाबी तसंच वाटल्तं.

पुढच्या चतुर्थीला पप्पांच्या गाडीवर मागे बसून मी राजूरला गेले, आत्याकडे. आत्या पप्पांची थोरली बहीण. राजूरला गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं चहाचं हॉटेल आहे. पप्पांना ते कधी पटलं नाही. आत्याचं म्हणणं, "मी देव मानत न्हाई. पण त्याच्या भक्ताला चहा लागतो ना?" चतुर्थीला तर तिला मान वर करायला फुरसत नसते.

गर्दी जरा ओसरल्यावर मी वही काढली. आन्शीहून येताना बसमध्येच मी पहिल्या पानावर तीन नावं लिहून ठेवली होती: आबा, आजोबा, पप्पा. मी विचारलं, "आत्या, आबांच्या बायकोचं नाव काय होतं?"

पप्पा म्हणाले, "सगळे म्हातारीच म्हणायचे."

"तुला काय माहीत? तू जन्मला अन् ती गेली," आत्या म्हणाली. "सारजा. सारजा नाव होतं. मी तिच्याच कुशीत झोपायची."

मी पेन उघडलं. पप्पांना राहवेना. त्यांनी नेहमीच्या आवाजात सुरू केलं, "अशा त्या काळात आबांनी टोपल्यात देव भरले आणि..."

"कोणी?" आत्याने गाळणी हातातच धरली. "आबानं? आबा तर त्या दिशी घराबाहेर याला तयार न्हाई. म्हणे कोप होईल. कोपऱ्यात बसून राह्यल्ता. टोपलं म्हातारीनं नेलं डोक्यावर. एकटी गेल्ती."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. धा डाव सांगितलं. अन् देव सोडून टोपलं परत घेऊन आली. म्हणे, देव गेले तं गेले, टोपल्यानं काय केलं? मंग त्याच टोपल्यात भाकरी ठेवायची. म्या खाल्ल्या न त्यातल्या."

पप्पांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "मी चाळीस वर्षं भाषणात आबा म्हणत आलो," ते म्हणाले.

"तू विचारलं न्हाई. अन् तुला माईक दिल्यावर कोण अडवतंय?" आत्याने चार कप भरले आणि बाकड्यावरच्या भक्तांकडे सरकवले.

पप्पांनी माझ्या हातातली वही घेतली, पेन घेतलं. आबांच्या नावाच्या वर जेवढी जागा होती तेवढीत, फळ्यावरच्या त्यांच्या त्या गोल अक्षरात, त्यांनी लिहिलं: सारजा. मग पेन तसंच टेकवून थांबले.

"आडनाव कोणतं लावू? सासरचं की माहेरचं?"

आत्याने फडक्याला हात पुसले आणि वाकून पान बघितलं. तिला वाचता येतं, फक्त सावकाश.

"राहू दे," ती म्हणाली. "सारजा. तेवढं बास."